आंबट तळं

माझा नवरा मालवणचा. मासे खायचा आणि खाऊन झाले की माशांवर बोलायचा. मी नागपूरची, आमच्या घरात अंडंसुद्धा मागच्या गॅलरीत वेगळ्या भांड्यात उकडायचं. लग्नानंतर पहिल्यांदा बांगडा साफ करताना मी नाकाला ओढणी बांधली होती, तर हा मला बघून ओट्याला धरून हसत होता. आणि नशीब बघा, अमेरिकेत येऊन पीएचडी केली आणि मला नोकरी लागली ती माशांचीच. म्हणजे मासे नसलेल्या पाण्याची. लोकांना सांगताना तो म्हणायचा, "बायको माझी मासे नाहीत हे मोजायला जाते, आणि त्याचा पगार घेते."

आम्ही ऑल्बनीजवळ राहतो. तिथून उत्तरेला गाडीने निघालं की अ‍ॅडिरॉन्डॅकचे डोंगर लागतात आणि त्या डोंगरांत जिकडे बघावं तिकडे तळी. दिसायला अशी सुंदर की कॅलेंडरवर छापावीत, आणि छापतातही. त्यांतल्या काही तळ्यांचं पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरून आणायचं आणि लॅबमध्ये तपासायचं, हे माझं काम. कशासाठी, तर पश्चिमेकडच्या राज्यांत वर्षानुवर्षं कोळसा जाळला, उंच धुराडी बांधली, आणि तो धूर वाऱ्याबरोबर इकडे येऊन पावसातून, बर्फातून या डोंगरांवर पडला. आंबट पाऊस. पुढे कायदा झाला, धुराड्यांना गाळण्या लागल्या, पाऊस बराच सुधारला. पण माती सुधारली नाही. इथल्या मातीत मुळातच चुना थोडा, तो त्या आंबट पावसाने धुऊन नेला. आता बिचाऱ्या मातीकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही. वर मातीतलं ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं आणि मासा पाण्यात असून गुदमरतो.

माझ्या यादीतलं एक तळं मात्र माझं. तसं सगळ्यांनाच सांगून ठेवलं होतं, की या तळ्यावर मीच जाणार. छोटंसं आहे, रस्त्यापासून थोडंच चालायचं, आणि पायवाट जिथे संपते तिथे एक सपाट खडक पाण्यात उतरलेला. खडकाच्या बाजूने तळ्यातलं पाणी ओढ्यात पडतं. आम्ही तिथेच बाटली भरतो, कारण सगळ्या तळ्याचं पाणी शेवटी तिथूनच जातं. या तळ्यात एके काळी ट्राउट जातीचे मासे होते. माझ्या वेळेपासून एकही नाही. बेडूक नाही, गोगलगाय नाही. चवीला पाणी आंबट लागत नाही, पण नवरा ऐकेल तर ना. म्हणायचा, "तुझं तळं म्हणजे नुसतं कोकमाचं आगळ आहे गं. नारळाचं दूध घालायचं राहिलंय, की झाली सोलकढी."

तो दर उन्हाळ्यात माझ्याबरोबर यायचा. खडकावर पाय सोडून बसायचा, डब्यातली पोळीभाजी खायचा आणि पाण्यात वाकून दर वेळी तेच म्हणायचा, "या तळ्यातला पहिला मासा माझा. सांगून ठेवतोय. तुझ्या त्या सायंटिस्ट लोकांना आधीच सांग, पहिला मासा आमच्याकडे तळला जाणार." मी म्हणायचे, "अरे बाप्पा, एक मासा आला तर त्याचा फोटो काढून पेपर लिहितील, तुला तळायला कोण देतंय?" तर म्हणायचा, "मग दुसरा." इतका साधा करार होता आमचा. ते तळं जिवंत व्हावं आणि त्यातला मासा याच्या ताटात पडावा. त्यापलीकडे म्हातारपणाचे काही प्लॅन आम्ही केलेच नव्हते.

गेल्याच्या गेल्या ऑगस्टमध्ये तो गेला. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर गाडी धूत होता. मी आत पोहे करत होते. पाण्याचा पाइप बराच वेळ चालू राहिलेला ऐकू आला म्हणून वैतागून खिडकीतून ओरडले, "अरे किती पाणी सोडतोस?" उत्तर आलं नाही. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

सासूबाई आमच्याकडेच राहतात, सासरे गेल्यापासून. एकुलता एक मुलगा. त्यांनी त्या दिवशी काय केलं असेल हे कुणीही ओळखावं, पण मला लक्षात राहिला तो नंतरचा दिवस, दहन झाल्यानंतर तिथल्या माणसाने पेटी आणून दिली तो. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत राखाडी-पांढरी बारीक वाळू. सासूबाईंनी पिशवी चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. "अस्थी खंय गो?" त्यांनी विचारलं. त्या चिडल्या किंवा फार दुखावल्या की मालवणीत जातात. मी सांगितलं की इथे यंत्रात दळून देतात. "दळून?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचं पीठ करून दिलं?" मी पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसले, दोन्ही हात तिच्यावर ठेवून.

ती पेटी मालवणला न्यायची, घरच्या खाडीत सोडायची, हे ठरलेलं होतं. पण सासूबाईंच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं वर आलं आणि डॉक्टरांनी विमान पूर्ण बंद केलं. मी म्हटलं, मी नेते, तुम्ही व्हिडिओ कॉलवर बघा. झालं! तीन दिवस जेवल्या नाहीत. "मी असल्याशिवाय त्याला कुठे सोडायचं नाही." मग पेटी त्यांच्याच खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर राहिली. अस्थी घरात ठेवत नाहीत, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत. रोज सकाळी कपाटाकडे पाठ करून पोथी वाचायच्या. मला वाटायचं, राहू दे. घरात आहे तेवढं तरी आहे.

मी मात्र तळ्याला चिकटले. दुसरा शब्दच नाही. मुलगी तिकडे सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरीला, ती फोनवर म्हणायची, "मम्मा, टेक अ ब्रेक." कसला ब्रेक घेऊ? घरी बसून काय करू, पाइप गुंडाळू? दर महिन्याला मी त्या खडकावर जायचे, बाटली भरायचे, आणि लॅबमध्ये आकडा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. आकडा दर वेळी तोच. मेलेलं तळं. एकदा मशीनसमोर बसल्या बसल्या मी मोठ्याने म्हटलं, "हो ना रे बाबा आता जिवंत, काय जातंय तुझं?" शेजारच्या चिनी पोस्टडॉक मुलाने हेडफोन काढून विचारलं की मशीन बिघडलं का.

त्या पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये खडकाशी पाण्यावर गळलेल्या पानांचा थर होता, तळ दिसत नव्हता; त्यातूनच भरलेली बाटली मी मशीनला लावली, आणि आकडा वर आला.

थोडाबहुत नाही, चांगलाच वर आला. आंबटपणा कमी. कॅल्शियम वाढलेलं. मी पुन्हा लावली, तेच. बाटली बदलली, मशीन धुतलं, पुन्हा केलं, तेच. मी तिथेच स्टुलावर बसून रडायला लागले, नाक पुसायला लॅबचे टिशू संपवले. आमच्या साहेबांनी, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोफेसरांनी, आकडे दोनदा बघितले. हा माणूस कधी उत्साहात येत नाही, पण त्या दिवशी खुर्चीतून उठून उभा राहिला. म्हणाला, पुढच्या बाटलीतही असंच आलं तर वसंतात पिंजऱ्यात घालून ट्राउटची पिल्लं सोडून बघू. बर्फ वितळतो तेव्हा हिवाळाभर साठलेलं सगळं आंबट पाणी एकदम तळ्यात येतं, ती खरी परीक्षा. त्यात पिल्लं जगली तर तळं जगलं.

मी घरी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. सासूबाई स्वयंपाकघरात कुळथाची पिठी ढवळत होत्या. मी बूटसुद्धा न काढता आत शिरले. "आई, तळं सुधारतंय! आकडा वर आला! ट्राउट सोडणार आहेत!"

त्यांनी पळी खाली ठेवली. मला वाटलं होतं रडतील, निदान देवापुढे साखर ठेवतील. त्यांनी विचारलं, "मासे दिसले काय गो तुला?"

"मासे लगेच कसे दिसतील? आधी पाणी सुधारतं, मग..."

"एक पण नाही?"

"आई, मी काय सांगतेय..."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पिठी ढवळायला लागल्या. मला इतका राग आला! वाटलं, या बाईला कशाचंच काही नाही. एवढी गोष्ट घडली, तुमच्याच मुलाचा हट्ट होता ना तो, आणि तुम्हाला एवढंच सुचतं? मी खोलीत जाऊन दार आपटलं, पन्नाशीला आलेली बाई मी. त्यानंतरही दोन-तीनदा त्यांनी तेच विचारलं. भाजी चिरताना, औषध घेताना. मासे दिसले काय. मी दर वेळी तुटक उत्तर दिलं.

पाण्याच्या बाकीच्या तपासण्या आमच्याकडे नंतर होतात, वेगळ्या मशीनवर. त्यांत फॉस्फरस असतो. या तळ्यांत फॉस्फरस जवळजवळ नसतोच, त्यामुळे त्या आकड्याकडे कुणी बघतही नाही. मी बघितलं ते सवयीने. आणि तो आकडाही वर होता.

कॅल्शियम वाढलं तर माती सुधारली म्हणता येईल. वरच्या अंगाला कुणी चुना टाकला, असंही म्हणता येईल. पण चुन्याबरोबर फॉस्फरस येत नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरस एकत्र असतं ते हाडांत, हे शाळेतल्या पोरालाही येतं. मी पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, वर हरीण मरून पडलं असेल. खरंच तसं वाटलं, किंवा मी स्वतःला तसं वाटायला लावलं. मग आठवलं. ऑक्टोबरमध्ये, मी बाटली भरायला गेले त्याच्या आदल्याच आठवड्यात, सासूबाई आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांबरोबर "पानं बघायला" म्हणून गेल्या होत्या. पानगळीचे रंग बघायला इथे सगळेच जातात. मी खूश झाले होते, म्हटलं चला, घराबाहेर तरी पडल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांचे बूट ओले होते, साडीचा काठही. मी विचारलं तर म्हणाल्या, दव होतं.

घरी आले. त्या बागेत होत्या. मी त्यांच्या खोलीत गेले, कपाटाच्या वरच्या फळीवरची पेटी उचलली आणि मागे तोल गेला. पेटी जड असते ना, त्या तयारीने उचलली होती. हातात नुसता पुठ्ठा आला.

मी आधी काकांना फोन लावला. त्यांच्यावर ओरडले ते सगळं इथे लिहीत नाही. रिटायर्ड इंजिनिअर, मंडळाच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेणारा भला माणूस. "अगं, त्या म्हणाल्या तुला माहितेय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "म्हणाल्या, सुनेचंच तळं आहे, तिनेच दाखवलंय."

तेही खरंच होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही तिघं गेलो होतो. खडकावर बसून सासूबाई पाण्याकडे बघतच राहिल्या होत्या. तळाचा खडा न् खडा दिसत होता, वरून निळंशार. "किती शुद्ध पाणी गो!" त्या म्हणाल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे लेक्चर सुरू केलं होतं, की आई, हे शुद्ध नाही, हे मेलेलं आहे, यात काही जगत नाही म्हणून ते एवढं नितळ दिसतं. चांगलं तळं कोऱ्या चहासारखं असतं, त्यात पानं कुजतात, शेवाळ असतं, किडे असतात. नवरा म्हणाला होता, "अगं, आईला पाणी बघू दे ना जरा." मी बाटल्या आवरायला लागले होते. आणि आपल्याकडे कुणीही काय म्हणेल? कोऱ्या चहासारख्या पाण्यात आपल्या माणसाच्या अस्थी कोण सोडेल? जागा शोधायला सांगितली असती तर मंडळातल्या शंभर माणसांनी तेच निळं तळं दाखवलं असतं.

सासूबाई बागेतून आत आल्या, हातात कढीपत्त्याची डहाळी. मी रिकामी पेटी टेबलावर ठेवली होती. त्यांनी बघितली, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"मला विचारायचंत तरी!" मी म्हटलं. ओरडलेच. "माझा नवरा होता तो. मला खडकावर उभंसुद्धा राहू दिलं नाहीत."

"तू देत नव्हतीस," त्या म्हणाल्या.

"मी कधी नाही म्हटलं?"

"पहिलं वर्षभर तू रोज रात्री ती पेटी खाली काढून बघायचीस. मला झोप लागलीय असं समजून. मी कुठल्या तोंडाने मागू तुझ्याकडे?" त्या डहाळीची पानं एकेक खुडायला लागल्या. "वर्ष उलटलं गो. अडकून राहिला असता तो. मी किती जगणार आता? मालवण काय मला दिसत नाही. म्हटलं, त्याला आवडायचं तिथे तरी जाऊ दे. आयुष्यभर मासे खाल्ले त्याने. म्हटलं, आता त्यांच्या तोंडी लागू दे थोडा. भाताचे गोळे पण नेले होते मी, माशांना."

मला तेव्हा कळलं त्या का विचारत होत्या.

"मग?" मी म्हटलं.

"एक मासा फिरकला नाही," त्या म्हणाल्या. "गोळे तळाशी जाऊन बसले. मी बघत बसले होते, काका दोनदा म्हणाले चला. आणि तो... गो, आमच्या खाडीत सोडलं की भरती घेऊन जाते, दिसत नाही. हा खाली गेला आणि तिथेच पसरला. पांढरा. वरून दिसत होता मला. तिथेच आहे तो. मी त्याला अशा ठिकाणी टाकून आले जिथे त्याला कुणी खायला पण आलं नाही."

त्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागल्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझा राग कुठे गेला नव्हता. पण त्यांच्या ब्लाउजच्या पाठीतून त्यांची हाडं हाताला लागत होती, आणि त्या रागाचं काय करायचं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेले. मनात आलं नव्हतं असं नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. फॉस्फरसला मशीनची चूक म्हणून सोडून दिलं असतं, कॅल्शियमचा आकडा राहिला असता, वसंतात पिल्लं सोडली असती. आणि बर्फ वितळला की सगळी पिल्लं पिंजऱ्यात तडफडून मेली असती, ते मोजायलाही मीच गेले असते. मी सांगितलं की ऑक्टोबरचं सॅम्पल धरू नका, ते बिघडलेलं आहे.

"सोर्स?" त्यांनी विचारलं, लॅपटॉपवरून डोळे न काढता.

"माझा नवरा," मी म्हटलं.

मग सांगावं लागलं सगळं. ते उठले, दार लावून आले. म्हणाले, मी करू का एंट्री? मी म्हटलं नको. आमच्या सिस्टिममध्ये आकडा पुसत नाहीत, नुसता बाद करतात, तो पडद्यावर करडा होऊन तसाच राहतो. बाद का केला त्याचं कारण निवडावं लागतं. बाटली फुटली, तारीख चुकली, असले चार-पाच पर्याय. यातला एकच लागू पडत होता. मराठीत त्याला दूषित म्हणतात. मी तो निवडला आणि बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. सत्तावीस वर्षांचा संसार केला मी त्याच्याबरोबर, आणि त्याच्याबद्दल शेवटचं म्हणून हे मलाच लिहावं लागलं.

त्या शनिवारी नवीन बाटली भरायला मी सासूबाईंना घेऊन गेले. नोव्हेंबर होता, कडेला बर्फाची पातळ साय धरायला लागली होती. साडीवर माझा जुना जाड पार्का कोट, पायात स्नीकर्स, कानाला मफलर. पायवाटेवर दर थोड्या अंतरावर थांबावं लागलं. मी म्हटलं परत जाऊ, तर नाही म्हणाल्या. खडकावर पोचल्यावर मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः पाण्यात वाकले.

दिसला. कमरेभर पाण्याखाली, खडकाच्या पायथ्याशी, पांढरट पट्टा. कडेला भाताच्या गोळ्यांचा बुरशी आलेला चोथा. काहीच हललेलं नव्हतं. कुठल्याही धड तळ्यात एव्हाना गाळाने झाकलं असतं, किड्यांनी नेलं असतं, शेवाळ आलं असतं. मी कितीतरी वर्षं या पाण्याला मेलेलं म्हणत आले, ते आकडे बघून. मेलेलं म्हणजे काय, ते मला तिथे ओणवं होऊन कळलं. मी बाही वर करून हात घातला. पाणी इतकं थंड की हाडात कळ गेली. हात त्याच्यापर्यंत पोचला नाही.

"आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे."

"तसाच?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मला येतं ते एकच मी त्यांना सांगितलं, दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. म्हटलं, आई, हे पाणी आंबट आहे, आणि आंबटात हाड विरघळतं. हळूहळू, पण विरघळतं. मासे नेणार नाहीत, पाणीच नेईल. आणि तो विरघळतो तसा त्याच्यातला चुना पाण्यात येतो, तेवढ्यापुरता आंबटपणा मरतो. मला आकडा चांगला दिसला ना, तो त्याचाच. तळं सुधारलेलं नाही. हा खडकाजवळचा हातभर तुकडा तेवढा त्याने सुधारला होता.

त्या ऐकत होत्या. दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या लेक्चरपेक्षा नीट ऐकत होत्या.

"म्हणजे पाणी गोड करतोय तो," त्या म्हणाल्या.

"थोडं."

"मग येतील ना मासे?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना फार वर्षं उरलेली नाहीत, वसंतात काय होतं ते बघायला त्या इथवर चालत येणारही नव्हत्या. पण ज्या खडकावर तो बसायचा त्याच खडकावर बसून खोटं माझ्या तोंडून निघेना.

"नाही, आई," मी म्हटलं. "एका माणसाने नाही होत."

मग वाकून त्यांनी हात पाण्यात घातला, बोटं पसरून, अंगणातल्या मांजराला बोलावताना पसरतात तशी. "मग मी गेले की माझी पण इथेच टाक," त्या म्हणाल्या. "मालवणला नको नेऊस. दोघांनी मिळून होईल काहीतरी."

"गप्प बसा हो!" मी ओरडले. समोरच्या झाडीतून आवाज परत आला. "काय बोलताय तुम्ही! अजून काय काय टाकू मी या डबक्यात?"

आणि ओरडत असतानाच, देवाशपथ, माझ्या डोक्यात गणित सुरू झालं होतं. एका माणसाच्या राखेत चुना किती असतो, तळ्यात पाणी किती, वरच्या सगळ्या उतारांवरून दर पावसात नवं आंबट पाणी किती येतं. ते मला येतं, त्याचाच मला पगार मिळतो. त्या, मग मी. त्याचे काका, माझी भावंडं, मंडळातले सगळे, सासूबाईंना गाडीतून इथे आणणारे ते काकासुद्धा. एकेकाला मी मनात त्या पाण्यात सोडत गेले.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय मोजतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"पुरत नाही ना?"

"नाही पुरत, आई."

त्यांनी हात पाण्यातून काढला आणि पदराला पुसला. मी बाटली घेतली आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, जिथे तो नव्हता, आणि पाणी भरलं.